झाडाला पाणी कोण घालणार?

(कारगिल विजय दिनानिमित्त दि. २६ जुलै २०२५ रोजी मंडळाच्या सभागृहात झालेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या रस्त्यांच्या कामावर लागलो, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. बोलण्यापेक्षा मोजमापं लिहायची सवय जास्त. चिटणीस मला म्हणाले, "यंदा मंडळ शूर जवानांच्या स्मरणार्थ बागेत एक झाड लावणार आहे. तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला त्यातलं कळतं. दहा मिनिटं बोला." मी हो म्हटलं. पण बोलायचं तर आधी एक कबुली द्यावी लागेल, कारण जवानांच्या नावाने झाड लावण्याचा कार्यक्रम मी एकदा केलेला आहे, आणि ते झाड आम्ही मारलं आहे.

१९९९ साली मी वीस वर्षांचा होतो. मे महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली आणि २६ जुलैला संपली. घरोघरी टीव्ही आलेले होते. बर्फातले डोंगर, तोफा आणि मग तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या हे सगळं आपण जेवता जेवता पाहत होतो. ५२७ जवान परत आले नाहीत. आमच्या चालीतल्या पोरांचं रक्त तापलेलं होतं. वर्गणी काढली. गुलमोहराचं रोप आणलं, कारण आमच्यातला एक म्हणाला की गुलमोहर भराभर वाढतो आणि लाल फुलतो. वॉर्डातले पुढारी आले, नारळ फोडला, फोटो काढला. पत्र्याची पाटी रंगवून घेतली होती. वर "कारगिलच्या शूर जवानांना श्रद्धांजली" आणि खाली आमच्या मित्रमंडळाचं नाव. खरं सांगतो, वरच्या अक्षरांपेक्षा खालची अक्षरं मोठी होती.

पावसाळाभर पाण्याचा प्रश्न आला नाही. दिवाळीनंतर प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी घालत असेल. होळीच्या सुमारास मी सायकलवरून बागेपाशी गेलो, तर पिंजऱ्यात एक काठी उभी होती. पाटी मात्र चकचकीत. मी सायकल तशीच पुढे काढली. आम्ही आठ-दहा जण होतो. सगळ्यांनी ती काठी पाहिलेली असणार. पण त्याविषयी एकमेकांशी कधी कुणी बोललं नाही.

आमच्या चालीत एक निवृत्त हवालदार राहत असत. सातारकडचे. मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९७१ साली आजच्या बांगलादेशात जमालपूरची लढाई झाली, त्या लढाईत ते होते. निवृत्तीनंतर मेहुण्याच्या ओळखीने सुरतेला आले आणि रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात रात्रीचे वॉचमन म्हणून लागले. आम्ही त्यांना हवालदारकाका म्हणायचो. लढाईचं विचारलं की ते विषय बदलायचे. गावाविषयी मात्र भरभरून बोलायचे. साताऱ्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, त्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' हा शब्द जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. हे मला पहिल्यांदा काकांनीच सांगितलं.

मग आला ऑगस्ट २००६. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो पूर पाहिलेला आहे, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. उकाईचं पाणी तापीला आलं आणि तापी घरात आली. पाणी उतरल्यावर गाळ काढायला आम्ही सगळे रस्त्यावर होतो. त्या गडबडीत बागेपाशी गेलो. बागेची भिंत पडली होती, बाकडी गाळात रुतली होती, आमची पाटी वाहून गेली होती. पण पाटीच्या जागी एक कडुनिंब उभा होता. माझ्या दुप्पट उंच, खालच्या पानांवर चिखल वाळलेला. आणि हवालदारकाका खोऱ्याने त्याच्या बुंध्याभोवतीचा गाळ बाजूला सारत होते.

मी विचारलं, "काका, हा कडुनिंब इथे कधी आला?"

"तुमचा गुलमोहर वाळला ना, त्याच पावसाळ्यात लावला," ते म्हणाले. "ड्यूटी संपवून सकाळी येताना डबाभर पाणी आणायचो. पाटी लावलेली होती. पाटी आहे म्हटल्यावर झाड नको का?"

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर चार दिवस आला असता."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला जरा बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "काका, आता नवी पाटी करू. तुमचं नाव घालू." त्यावर त्यांनी खोरं थांबवलं आणि म्हणाले, "माझं नाव कशाला? मी परत आलोय की."

२०१४ साली काका गेले. त्यांचं नाव मी आजही इथे घेत नाही. इथल्या जुन्या मंडळींना ते ठाऊक आहे, आणि त्यांची इच्छाही तीच होती.

मंडळी, शूरांची आठवण दगडावर कोरून ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. महाराष्ट्रात गावोगावी विरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, वर त्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर महादेवाची पूजा आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो. इथे गुजरातेत पाळिया असतात. घोड्यावर बसलेला वीर, त्याला शेंदूर लावलेला. आपण दोन्हीकडची माणसं, त्यामुळे आपल्याला दोन्ही दगड ओळखता येतात. पण आपल्या गावाला गेलात की पाहा, वेशीजवळच्या किंवा पाराजवळच्या विरगळीवर कुणाचं नाव आहे हे गावात कुणाला सांगता येतं का? दगड राहिला, माणूस विसरला.

सुरतेतलंच उदाहरण सांगतो. कतारगामच्या बाजूला डच लोकांची जुनी कबरस्तानं आहेत. त्यांत एक मोठी घुमटाची कबर आहे, ती व्हान रीड नावाच्या डच अधिकाऱ्याची. १६९१ साली तो वारला. मलबारातल्या झाडाझुडपांवर त्याने 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करून घेतला. झाडांची ओळख जगाला करून देणारा एवढा मोठा माणूस आपल्या गावात पुरलेला आहे. पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तो ठाऊक आहे? एवढा मोठा घुमट उभा आहे, कुणी लक्ष दिलं नाही तरी उभाच राहतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

झाडाचं तसं नाही. झाडाकडे दुर्लक्ष केलं की ते एका उन्हाळ्यात जातं. स्मारक म्हणून झाड लावण्यात हीच अडचण आहे, आणि मला वाटतं, हाच त्याचा फायदाही आहे. त्याला सांभाळायला कुणीतरी रोज तिथे जावं लागतं.

परदेशात ही रीत पहिल्या महायुद्धानंतर फार पसरली. ऑस्ट्रेलियात बॅलरॅट नावाचं शहर आहे. तिथे लुकास नावाचा कपडे शिवण्याचा कारखाना होता. आपल्या सुरतेला कळेल असंच काम. तिथे काम करणाऱ्या सुमारे ५०० मुलींनी स्वतः पैसे उभे केले आणि १९१७ ते १९१९ या काळात रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं लावली. त्या शहरातून जो जो सैन्यात गेला, त्याच्या नावाचं एक झाड. सुमारे ३,८०० झाडं, २२ किलोमीटरचा रस्ता. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. झाडांचा क्रम हुद्द्याप्रमाणे ठेवला नाही. जो आधी भरती झाला त्याचं झाड आधी. साहेबाच्या शेजारी शिपाई. आमच्या खात्यात असा क्रम लावायचा म्हटला तर केवढा गोंधळ होईल, याची कल्पना करा!

त्याच देशातली दुसरी गोष्ट एका आईची आहे. १९१५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात गॅलिपोलीला 'लोन पाइन' नावाच्या टेकडीवर मोठी लढाई झाली. शत्रूने आपले खंदक पाइनच्या फांद्यांनी झाकले होते. त्या लढाईत एका शिपायाचा भाऊ पडला. त्या शिपायाने फांदीवरचं पाइनचं एक फळ उचललं आणि आईला घरी पाठवलं. आईने ते तेरा वर्षं जपून ठेवलं, मग त्यातलं बी पेरलं. त्यातून आलेल्या रोपांपैकी एक १९३४ साली राजधानी कॅनबेऱ्याच्या युद्धस्मारकापाशी लावलं गेलं. त्या झाडाच्या बियांपासून पुढे कितीतरी ठिकाणी रोपं झाली. तेरा वर्षं त्या माउलीने काय केलं असेल, मी सांगू शकत नाही. पण बी पेरलं तेव्हा ते आपल्या एकट्या मुलासाठी न ठेवता सगळ्यांच्या मुलांसाठी दिलं, एवढं खरं.

आता आपल्या देशात येऊ. दिल्लीला इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारक खुलं झालं. त्यात एकात एक चार वर्तुळं आहेत. आतल्या वर्तुळांत ज्योत आहे, भित्तिचित्रं आहेत, शहिदांची नावं कोरलेले ग्रॅनाइटचे दगड आहेत. आणि सगळ्यांत बाहेरचं जे वर्तुळ आहे, त्याला 'रक्षक चक्र' म्हणतात, ते नुसत्या झाडांचं आहे. सहाशेच्या वर झाडं, पहाऱ्यावर उभ्या जवानांसारखी.

पण मला तुम्हाला न्यायचं आहे ते आपल्याच राज्यात, भुजला. २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बायको-मुलांना घेऊन कच्छला गेलो होतो. भुजजवळ रुद्रमाता धरणाच्या बाजूला 'रक्षक वन' आहे, २०१८ च्या वनमहोत्सवात तयार झालेलं. वनमहोत्सव ही कल्पना १९५० साली देशभर नेली ती आपल्या शेजारच्या भरूचच्या कन्हैयालाल मुनशींनी. तर हे रक्षक वन १९७१ च्या युद्धाची आठवण म्हणून उभं केलं आहे. जवानांची आठवण आहेच, पण त्याबरोबर माधापर गावच्या बायकांचीही आहे.

ही गोष्ट तुम्ही सिनेमात पाहिली असेल. मी रस्त्यांच्या कामातला माणूस म्हणून सांगतो. ८ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. धावपट्टी उखडली. विमानं उडेनात. तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक, आपला मराठी माणूस. हाताशी मजूर नव्हते. तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बाया पुढे आल्या. खड्डा भरणं म्हणजे नुसती माती लोटणं नव्हे. ढिगारा बाजूला करायचा, दगड भरायचे, थर टाकायचे, प्रत्येक थर दाबून घट्ट करायचा. नाहीतर विमानाच्या चाकाखाली तो बसणारच. आणि हे सगळं वरून केव्हाही विमान येईल अशा भीतीत. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, थांबला की पुन्हा टोपलं उचलायचं. वरून दिसू नये म्हणून त्या हिरवट लुगडी नेसल्या, धावपट्टीवर शेण सारवलं. ७२ तासांत धावपट्टी तयार झाली. बहात्तर तासांत आमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली तरी आम्ही पेढे वाटतो.

युद्धानंतर सरकारने त्यांना ५०,००० रुपयांचं बक्षीस दिलं. ते त्यांनी वाटून घेतलं नाही, गावच्या सभागृहासाठी दिलं. यंदा २६ मे रोजी पंतप्रधान भुजला आले, तेव्हा माधापरच्या त्या भगिनींनी त्यांना रोपच दिलं. सिंदूरचं, आपण ज्याला शेंदरी म्हणतो. ५ जूनला ते दिल्लीत त्यांच्या निवासस्थानी लावलं गेलं. ज्यांनी तरुणपणी दगड वाहिले, त्यांना उतारवयात भेट द्यायला रोप सुचलं, याचं मला काही नवल वाटलं नाही. हातांनी काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं की काम एकदा करून संपत नसतं.

आता पुन्हा आपल्या सुरतेत येतो, कारण त्या कडुनिंबाची गोष्ट अजून राहिली आहे.

माझ्या नोकरीत झाडं मोजणं हे एक काम आहे. रस्ता रुंद करायचा ठरला की आधी झाडांची गणती होते. छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर मोजायचा, जात लिहायची, रंगाने नंबर टाकायचा. आजवर शेकडो झाडांवर मी उभा राहून नंबर टाकून घेतले आहेत. त्यांतलं कुठलं झाड कुणी, कुणासाठी लावलं, हे मी एकदाही विचारलं नाही. तक्त्यात तसा रकानाच नसतो.

गेल्या वर्षी त्या बागेचं नूतनीकरण निघालं. चालायचा ट्रॅक, पेव्हर ब्लॉक, मुलांना नवी खेळणी. चांगलंच काम. एका संध्याकाळी गेलो तर कडुनिंबाच्या बुंध्यावर पिवळ्या रंगात ११ नंबर. माझ्या पोटात गोळा आला. ज्याने नंबर टाकला त्याची चूक नव्हती. नकाशात ट्रॅक सरळ होता आणि झाड बरोबर मधे येत होतं. मीही तो ट्रॅक तसाच काढला असता.

कामावरचा इंजिनिअर तरुण मुलगा होता, बोलायला चांगला. मी सांगितलं, हे जवानांच्या स्मरणार्थ लावलेलं झाड आहे. तो म्हणाला, "सर, काही कागद असेल तर द्या. ठराव, फोटो, तकती, काहीही." मी गप्प झालो. ठराव आम्ही कधी केला नव्हता. पाटी पुरात गेली. फोटो पुरात गेला. आणि फोटो असता तरी त्यात गुलमोहर होता!

शेवटी अर्ज लिहायचं ठरवलं. बागेच्या दाराशी चहाची लारी आहे, तिथल्या बाकड्यावर बसून लिहीत होतो. लारीवाला गुजराती. त्याने डोकावून विचारलं, कसला अर्ज? मी झाडाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "फौजीनो लीमडो? लखो, पहेली सही मारी."

मी दचकलो. फौजीनो लीमडो! मला वाटत होतं, ही गोष्ट मला आणि चालीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहे. तर तिथे पत्ते खेळणारे आजोबा, झाडू मारणारी बाई, रिक्षावाले, सगळे त्या झाडाला फौजीनो लीमडो म्हणतात. "फौजीच्या लिंबाखाली भेटू" हा त्यांचा रोजचा पत्ता. काकांना रोज सकाळी डबा घेऊन येताना त्यांनी पाहिलं होतं. कारगिल कुणाला आठवत होतं, कुणाला नव्हतं. पण एक फौजी आपल्या सोबत्यांसाठी पाणी घालायचा, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन दिवसांत ६३ सह्या झाल्या. त्यांत मराठी नावं सोळा की सतरा. बाकी गुजराती, उत्तरेकडचे, ओडिशाचे. त्या तरुण इंजिनिअरने वरिष्ठांना विचारून ट्रॅकला चार फुटांचं वळण दिलं आणि चुन्याची रेघ स्वतः उभं राहून फिरवून घेतली. आज तुम्ही गेलात तर तिथे ट्रॅक का वळतो, हे कळेल.

आम्ही पाटी लावली, ती सात वर्षंही टिकली नाही. काकांनी नाव न घालता पाणी घातलं, तर त्या झाडाला लोकांनी आपणहून नाव दिलं. मला एवढंच सांगायचं होतं. आता मंडळाच्या झाडाविषयी माझ्या काही सूचना आहेत, त्या कार्यकारिणीने विचारात घ्याव्यात.

पहिली सूचना, एकच झाड लावावं. मी ऐकलं की २१ झाडांचा विचार चालला आहे. एकवीस आकडा गणपतीला शोभतो, दूर्वांना शोभतो. पण आपल्याकडे पाणी घालणारी माणसं किती, ते आधी मोजावं. एक जगलं तर पुढच्या वर्षी दुसरं.

दुसरी, गुलमोहर नको. तो मूळचा मादागास्करचा, मुळं वरवरची, फांद्या ठिसूळ, वाऱ्यात पडतो. जागा मोठी असेल तर कडुनिंब किंवा वड. जागा बेताची असेल तर बकुळ, जिला इथे बोरसल्ली म्हणतात. सावकाश वाढते, पण सावली दाट आणि फुलांचा वास सुकल्यावरही जात नाही.

तिसरी, खड्डा दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल घ्यावा. मातीत कुजलेलं शेणखत मिसळावं. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, तोवर थांबू नये. पाऊस निम्मा संपलेला असतो. रोप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावावं आणि उत्सवात फक्त पाटीचा कार्यक्रम करावा. आधाराची काठी बांधताना सुतळी सैल ठेवावी. तार तर बांधूच नये. खोड जाड झालं की तार आत रुतते. असली गळफास बसलेली झाडं मी रोज पाहतो. बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी सोडून घ्यावी, फरशी लावू देऊ नये. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट तेवढं काढायला लावलं होतं, तो दाखला अर्जात देता येईल.

चौथी, पाण्याची वही. ही सगळ्यांत महत्त्वाची. दिवाळीपासून पुढचा पाऊस येईपर्यंत आठवडे वाटून घ्यावेत, एका आठवड्याला एक कुटुंब. दोन-तीन दिवसांआड एक मोठी बादली पुरते, उन्हाळ्यात थोडं जास्त. असे तीन उन्हाळे काढायचे. मग झाड आपलं आपण बघतं. वहीत तारीख आणि सही. शक्य तर सही मुलांनी करावी. आपली मुलं इथे जन्मली. कारगिल, जमालपूर त्यांना धड्यातली नावं वाटतात. बादली उचलून बागेपर्यंत गेलेलं मूल एकदा तरी विचारेल, की आपण हे कुणासाठी करतोय. तेव्हा आपण सांगायचं.

पाचवी, पाटी स्वतंत्र खांबावर असावी, झाडाला खिळा ठोकू नये. मजकूर मराठीत आणि गुजरातीत असावा. मंडळाचं नाव घालायचंच तर लहान अक्षरात. ठराव करावा, फोटो काढावा, दोन्हींची प्रत मंडळाच्या दप्तरात ठेवावी. फौजीच्या लिंबाचा तो ६३ सह्यांचा अर्जही मी आज चिटणीसांकडे देत आहे. कागद असलेला बरा, हे मी सरकारी माणूस म्हणून सांगतो. कागद नसला तर काय वाचवतं, ते आत्ता सांगितलंच आहे.

शेवटचं. वही उघडाल तेव्हा दिवाळीनंतरचा पहिला आठवडा माझ्या नावावर लिहा. मेहेरबानी म्हणून नाही. माझ्याकडे सव्वीस वर्षांची थकबाकी आहे.



गणपती बाप्पा मोरया! जय हिंद!